नट बदलला की भाव बदलतो: ब्रॉडवेच्या तिकिटामागचा हिशेब

२०२२ सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन थिएटरात 'फनी गर्ल' हे जुनं संगीत नाटक नव्याने उभं राहिलं. १९६४ साली बार्ब्रा स्ट्रायसँडने फॅनी ब्राइस या नायिकेच्या भूमिकेवर असा काही ठसा उमटवला होता, की पुढे २०२२ पर्यंत ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, हे नाटक पुन्हा उभं राहिलं नाही. आता ती भूमिका बीनी फेल्डस्टीनकडे आली. उत्सुकता मोठी होती, पण समीक्षा काही बऱ्या आल्या नाहीत. गाण्यांना आवाज पुरत नाही, असा अनेकांचा सूर. टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्कारांत अख्ख्या नाटकाला एकच नामांकन मिळालं, तेही एका सहायक अभिनेत्याला. गल्ला उतरू लागला आणि जुलैअखेर फेल्डस्टीन बाहेर पडली.

सप्टेंबरात तिच्या जागी लिया मिशेल आली. एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत याच भूमिकेचा ध्यास घेतलेली मुलगी साकारून ती घराघरांत पोचलेली होती. नाटक तेच, नेपथ्य तेच, गाणी तीच, खुर्च्याही त्याच. पण वर्षअखेरीच्या सुट्ट्यांत आठवड्याचा गल्ला वीस लाख डॉलरच्या पार गेला आणि त्या थिएटरचा विक्रम मोडला.

नाट्यवेड्यांमध्ये तेव्हा जुंपली ती तीन मुद्द्यांवर. काहींचं म्हणणं, आता कुठे भूमिकेला न्याय मिळाला. काहींचं, पहिल्या मुलीला वाऱ्यावर सोडलं. काहींचा प्रश्न आणखी वेगळा: मधला ऑगस्टचा अख्खा महिना ज्युली बेन्को नावाच्या राखीव अभिनेत्रीने ही भूमिका दणक्यात केली, मग तिलाच का नाही दिली? आणि या सगळ्यावर ताण म्हणजे तिकीट परवडेना, ही तक्रार. वरवर पाहता हे वेगवेगळे वाद आहेत. एक कलेचा, एक माणुसकीचा, एक खिशाचा. माझ्या मते ते एकाच वहीतले आहेत, नाटकाच्या जमाखर्चाच्या. ती वही दर आठवड्याला लिहिली जाते. ती वाचता आली की ब्रॉडवेवरचे निम्मे वाद कळतात. मिटत नाहीत, ते सोडा.

मुळात ब्रॉडवे म्हणजे काय

ब्रॉडवे हा मॅनहॅटनमधला लांबलचक रस्ता आहे, पण नाटकवाले 'ब्रॉडवे' म्हणतात तेव्हा त्यांना ४१ ठरावीक थिएटरं अभिप्रेत असतात. त्यातली अगदी मोजकी प्रत्यक्ष त्या रस्त्यावर आहेत. बाकीची टाइम्स स्क्वेअरच्या आसपासच्या आडव्या गल्ल्यांत. एक तर पार वर, लिंकन सेंटरमध्ये ६५व्या रस्त्याशी आहे. प्रतिष्ठेची रेघ खुर्च्यांच्या संख्येवर आखलेली असते: पाचशे किंवा जास्त खुर्च्या असल्या तर ब्रॉडवे, शंभर ते ४९९ असल्या तर ऑफ-ब्रॉडवे, त्याहून लहान ते ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. १९४७ साली सुरू झालेले टोनी पुरस्कार फक्त त्या ४१ थिएटरांतल्या नाटकांना मिळतात. त्यामुळे ऑफ-ब्रॉडवेवर एखादं नाटक कितीही देखणं असलं तरी टोनीच्या रात्री त्याचं नाव निघत नाही.

या ४१ पैकी १७ थिएटरं शूबर्ट कंपनीची आणि ९ नेदरलँडरची, म्हणजे निम्म्याहून जास्त दोघांच्याच हातात. मालक वेगळा, निर्माता वेगळा. निर्माता नाटक उभं करतो, पैसे गोळा करतो आणि थिएटरमालकाच्या दाराशी रांगेत थांबतो. चांगलं थिएटर रिकामं होण्याची वाट बघत वर्ष-वर्ष ताटकळलेली नाटकं आहेत.

इथे आपल्याकडच्या नाटकाशी असलेला एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काहीच नीट लागत नाही. मराठी व्यावसायिक नाटकाला थिएटरच्या तारखा मिळतात. शनिवारी दुपारी ठाण्याला गडकरी, रविवारी संध्याकाळी पुण्यात बालगंधर्व. सेट टेंपोत, नटसंच बसमध्ये. नटाला नाइट मिळते. मागणी घटली की प्रयोग कमी लावायचे. प्रयोग नाही त्या दिवशी खर्चही बेताचा. ब्रॉडवेवर नाटक थिएटरात राहायलाच येतं. सेट तिथे कायमचा बसवला जातो, वेळप्रसंगी रंगमंच खोदून, छत मजबूत करून. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' जानेवारी १९८८ मध्ये मॅजेस्टिक थिएटरात आलं आणि तिथेच एप्रिल २०२३ पर्यंत राहिलं. पस्तीस वर्षं, १३,९८१ प्रयोग, एकच इमारत. प्रेक्षकांच्या डोक्यावरून खाली झेपावणारं ते अजस्र झुंबर टेंपोत घालून गावोगाव हिंडवायचं नव्हतंच.

राहायला आलं म्हणजे भाडं आलं. आठवड्याला आठ प्रयोग, बहुधा सोमवारी सुट्टी. नट, वादक, पडद्यामागचे तंत्रज्ञ, पोशाख सांभाळणारे, जाहिरात, हक्कांची रॉयल्टी, थिएटरमालकाचा वाटा. ही सगळी बिलं प्रेक्षक दहा असोत वा दीड हजार, दर आठवड्याला येतात. मोठ्या संगीत नाटकाचा हा चालू खर्चच आठवड्याला कित्येक लाख डॉलर असतो. उभारणीचा खर्च त्याआधीचा आणि वेगळा. 'स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क' या नाटकाने त्यासाठी साडेसात कोटी डॉलर ओतले, उद्घाटनाआधी १८२ पूर्वप्रयोग केले आणि तरी गुंतवणूक वसूल झाली नाही. बहुतेक नाटकांचं हेच होतं. ब्रॉडवेवर पैसे लावणाऱ्यांना ते बुडण्याची शक्यताच अधिक, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लोक लावतात. नाटकाचा किडा, दुसरं काय.

थिएटरमालकाशी केलेल्या करारात बहुधा आणखी एक कलम असतं. सलग दोन आठवडे गल्ला ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर मालक नाटकाला बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. वाट बघणारं दुसरं नाटक दाराशी असतंच. म्हणून 'हळूहळू पिकेल' असं म्हणण्याची चैन फार थोड्यांना परवडते.

खुर्च्या वाढत नाहीत, भाव वाढतो

रिचर्ड रॉजर्स थिएटरात सुमारे तेराशे खुर्च्या आहेत. आठ प्रयोग धरले तर आठवड्याला साडेदहा हजारांच्या आसपास. तिथे चालणारं 'हॅमिल्टन' हे अमेरिकेच्या एका जुन्या नेत्यावरचं संगीत नाटक कितीही गाजलं तरी त्या आठवड्यात अकरा हजारावा माणूस आत बसू शकत नाही. चित्रपट गाजला की शंभर पडदे वाढवता येतात. इथे वाढवता येते ती एकच गोष्ट: तिकिटाची रक्कम.

ही वाढ फार जुनी नाही. २००१ पर्यंत ब्रॉडवेचं सगळ्यांत महाग तिकीट शंभर डॉलरच्या घरात होतं. त्या वसंतात 'द प्रोड्युसर्स' आलं, नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक या जोडीसह. बारा टोनी मिळाले, जो विक्रम अजून अबाधित आहे. दलाल शंभराची तिकिटं कितीतरी पटीने बाहेर विकू लागले. निर्मात्यांनी विचार केला, आपल्या नाटकावर दुसरेच गब्बर का होताहेत? मग प्रत्येक प्रयोगाच्या पन्नासेक मोक्याच्या खुर्च्या त्यांनी स्वतःच ४८० डॉलरला काढल्या. केवढा गहजब झाला तेव्हा! आता त्या युक्तीला 'प्रीमियम सीट' म्हणतात आणि जवळपास प्रत्येक चालणारं नाटक ती वापरतं.

त्याच नाटकाची पुढची गोष्ट क्वचित सांगितली जाते, आणि खरी गंमत तिच्यात आहे. मार्च २००२ मध्ये लेन आणि ब्रॉडरिक बाहेर पडले. लेनच्या जागी हेन्री गुडमन हा लंडनचा मुरलेला नट आणला. त्याला महिनाभरातच नारळ दिला. मग त्याच संचातल्या ब्रॅड ऑस्करने भूमिका सांभाळली, चांगली सांभाळली. पण तिकिटांची झुंबड काही परतली नाही. अखेर २००३ संपता संपता मूळ जोडीला तीनेक महिन्यांसाठी परत बोलावलं, आणि खिडकीवर पुन्हा रांगा. ४८० डॉलर त्या खुर्चीचे नव्हते, त्या दोन माणसांचे होते, हे सगळ्यांना कळून चुकलं.

'हॅमिल्टन'ने २०१६ च्या जूनमध्ये वरचं तिकीट ४७५ वरून ८४९ डॉलरवर नेलं. नाटक लिहिणारा आणि त्यात मुख्य भूमिका करणारा लिन-मॅन्युएल मिरांडा जुलैत बाहेर पडणार होता आणि त्याच्या शेवटच्या प्रयोगांसाठी दलाल हजारो डॉलर मागत होते. यात संगणकी कारस्थानही होतं. तिकिटं खुली होताच आज्ञावली एका क्षणात शेकडो तिकिटं उचलत आणि माणूस नाव टाइप करेपर्यंत सगळं संपलेलं असे. मिरांडाने त्याविरुद्ध जाहीर मोहीम चालवली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने हा गुन्हा ठरवला आणि केंद्रीय कायदाही झाला. कायद्याने दलाली संपली नाही. तिची आयती सुगी मात्र थोडी अवघड झाली.

मग २०२५ चा वसंत. 'ऑथेल्लो'त हॉलिवूडचे डेंझेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल. पुढच्या खुर्च्या ९२१ डॉलरला. जॉर्ज क्लूनीच्या 'गुड नाइट, अँड गुड लक'ने आठवड्याला चाळीस लाखांचा टप्पा ओलांडला. गाणी नसलेल्या गद्य नाटकाला असा गल्ला पूर्वी कुणी पाहिलाही नव्हता. इकडे चाहते दोन तटांत. एकांचं म्हणणं, शेक्सपियरचं नाटक श्रीमंतांच्या बैठकीतलं करून टाकलंत. दुसऱ्यांचं, घेणारे घेताहेत ना, मग दुखतं कुठे?

इथेही आठवड्याची वही उघडावी. सिनेमातला नट चौदा-पंधरा आठवड्यांसाठीच येतो. त्याला पुढचं शूटिंग असतं. म्हणजे उभारणीचा सगळा खर्च शे-सव्वाशे प्रयोगांत काढायचा. तोंडी कीर्ती पसरण्याची वाट बघत बसायला वेळच नाही. निर्मात्याच्या दृष्टीने महाग तिकीट आणि अल्प मुदत हे एकाच कराराचे दोन कागद आहेत. मला यात फसवणूक दिसत नाही. पैसा दलालाच्या खिशात जाण्यापेक्षा नाटकाच्या गल्ल्यात गेलेला बरा. खुपतं ते दुसरंच: मधल्या भावाची खुर्ची आक्रसत चालली आहे. अगदी महाग आहे, लॉटरीत नंबर लागला तर मिळणारं अगदी स्वस्त आहे, पण महिन्याला एक नाटक नेमाने बघणाऱ्या शाळामास्तराने बसावं कुठे? आणि बरं, 'ऑथेल्लो'ला त्या वर्षी टोनीचं एकही नामांकन नव्हतं. नाव विकलं गेलं, प्रयोगाची वाहवा झालीच असं नाही.

अर्थात ९२१ हा आकडा बातमीचा. २०२४–२५ च्या हंगामात ब्रॉडवेने सुमारे १८९ कोटी डॉलर कमावले आणि १ कोटी ४७ लाख तिकिटं गेली. भागाकार केला की सरासरी १२९ डॉलरच्या आसपास येते. ती थोडी नाही, पण घाबरून परत फिरावं इतकीही नाही.

भूमिका कुणाची?

आता नटसंचाच्या वादांकडे. हे वाद सर्वांत कडू असतात, कारण त्यांत वंश, हक्क आणि इतिहास येतो. पण गल्ल्याची वही तिथेही उघडीच असते.

१९९० साली 'मिस सायगॉन' लंडनहून न्यूयॉर्कला यायचं होतं. त्यात अर्धा व्हिएतनामी असलेल्या 'इंजिनिअर'ची भूमिका जोनाथन प्राइस हा गोरा ब्रिटिश नट करत होता. लंडनमध्ये सुरुवातीला तर डोळ्यांचा आकार बदलणारा मेकअप करून. आशियाई अमेरिकी कलावंतांनी विरोध केला. मुद्दा साधा होता: आम्हाला गोऱ्यांच्या भूमिका मिळत नाहीत, आणि आमची एक मोठी भूमिका निघते तीही गोऱ्याला? नटांच्या संघटनेने, इक्विटीने, प्राइसला परवानगी नाकारली. निर्माता कॅमरन मॅकिंटॉशने थेट नाटकच रद्द केलं. अडीच कोटी डॉलरची तिकिटं आधीच विकली गेली होती. कित्येक नटांचा रोजगार त्यावर अवलंबून होता. आठवडाभरात संघटना माघारी फिरली. नाटक एप्रिल १९९१ मध्ये आलं, ब्रॉडवेवरचं पहिलं शंभर डॉलरचं तिकीट घेऊन, आणि प्राइसला टोनीही मिळाला. वाद कुणी जिंकला म्हणायचं? त्या वर्षी मॅकिंटॉशने. पण प्राइसनंतर ब्रॉडवेवर ती भूमिका आशियाई वंशाच्या नटांकडे गेली, आणि आज तसला मेकअप करून उभं राहण्याची कुणाची छाती होणार नाही.

२०१७ चं 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' हे प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. टॉलस्टॉयच्या कादंबरीच्या एका तुकड्यावरचं, प्रेक्षकांच्या मधून फिरणारं विलक्षण नाटक. जोश ग्रोबन हा प्रसिद्ध गायक पिएर होता, तोवर गर्दी होती. तो जुलैत गेला. त्याच्या जागी 'हॅमिल्टन'च्या मूळ संचातला ओकिएरिएटे ओनाओडोवान हा कृष्णवर्णीय नट आला. पुढच्या आठवड्यांची तिकिटं विकली जाईनात. तेव्हा निर्मात्यांनी मँडी पटिंकिन या ज्येष्ठ नटाला तीन आठवड्यांसाठी जाहीर केलं, म्हणजे ओनाओडोवानची मुदत छाटली. कृष्णवर्णीय नटाला बाजूला सारून गोऱ्या नटाला जागा करून देताय, असा संताप उसळला. पटिंकिनने अंग काढून घेतलं. नाटकाच्या कर्त्याने, डेव्ह मॅलॉयने, मग उघड सांगितलं, की ऑगस्टच्या मध्यानंतरची विक्री भयानक कमी होती. ३ सप्टेंबरला पडदा पडला तो कायमचा. संतापणाऱ्यांचा मुद्दा खरा होता आणि निर्मात्याची वहीसुद्धा खरी होती. दोन्ही खरं असल्याचा फटका संचातल्या सगळ्यांना बसला.

अगदी अलीकडचं उदाहरण 'मे बी हॅपी एंडिंग'. सेऊलमध्ये जन्मलेलं, टाकून दिलेल्या दोन मदतनीस यंत्रमानवांच्या प्रेमाचं नाटक. २०२४ च्या शेवटी ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा आठवड्याला तीन लाख डॉलरसुद्धा धड जमत नव्हते. ओळखीचा विषय नाही, आधीचा सिनेमा नाही. पण पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांचे कान खाल्ले आणि नाटक वर चढलं. चाहत्यांनी स्वतःला 'काजवे' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. जून २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सहा टोनी. आईकडून फिलिपिनो वंशाचा असलेला डॅरन क्रिस संगीत नाटकातल्या प्रमुख अभिनेत्याचा टोनी घेणारा पहिला आशियाई अमेरिकी ठरला. आणि लगेच बातमी: क्रिस रजेवर, नऊ आठवडे त्याच्या जागी अँड्र्यू बार्थ फेल्डमन, गोरा नट. काजवेच चवताळले. कोरियात घडणारी गोष्ट, आशियाई चेहऱ्यांनी जिंकलेली जागा, मग हे कशाला? लेखकद्वयीचं उत्तर असं, की सगळ्या भूमिका आशियाई नटांना करता याव्यात अशा आम्ही लिहिल्या, पण यंत्रमानव कायम त्यांनीच करावेत असा हेतू नव्हता. कथेच्या तर्काने हे पटतंही. पण भूमिका मुळात इतक्या थोड्या, की एक गेली तरी मोजली जाते. विरोध करणाऱ्यांचा हिशेबही आकड्यांचाच होता, फक्त वेगळ्या रकान्यातला.

आपल्याशी थेट नातं असलेलं एक नाटक इथे आठवतं. ए. आर. रहमानच्या संगीताचं 'बॉम्बे ड्रीम्स' लंडनमध्ये चाललं आणि २००४ साली ब्रॉडवेवर आलं. मुंबईची झोपडपट्टी, हिंदी सिनेमाचं वेड, रंगमंचावर कारंजी, संचात दक्षिण आशियाई वंशाचे नट. तिकीटखिडकी खेचेल असं अमेरिकेत ओळखीचं नाव मात्र त्यांत नव्हतं. १ जानेवारी २००५ ला ते बंद झालं. घातलेला पैसा परतला नाही.

राखीव माणसं

तिकीट काढून गेलात आणि कार्यक्रमपत्रिकेत पांढरी चिठ्ठी सापडली, 'आजच्या प्रयोगात ही भूमिका अमुक करतील', तर हिरमोड होऊ देऊ नका. आठवड्याला आठदा गळा ताणून गाणारं माणूस कधीतरी बसणारच, म्हणून ब्रॉडवेवर पर्यायांची उतरंड असते. अंडरस्टडी रोज छोटी भूमिका करतो आणि गरज पडली की मोठीत शिरतो. स्टँडबाय रोज रंगमंचावर नसतो, पण हाकेच्या अंतरावर तयार असतो. ज्युली बेन्को ही तशीच होती. अल्टरनेटचे प्रयोग आधीच ठरलेले असतात. लिया मिशेल आल्यावर दर गुरुवारची फॅनी बेन्कोकडे गेली ती अशी.

आणि स्विंग. हे माझं लाडकं पात्र. समूहातल्या आठ-दहा जणांच्या जागा, पावलं, सूर एकटा स्विंग डोक्यात ठेवतो आणि प्रयोगाला तासभर असताना कळतं की आज कोण व्हायचंय. डिसेंबर २०२१ मध्ये 'द म्युझिक मॅन'ची नायिका सटन फॉस्टर करोनामुळे आजारी पडली. कॅथी वॉयटको या स्विंगला दुपारी कळलं आणि रात्री ती नायिका म्हणून उभी राहिली. प्रयोग संपल्यावर नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे आणून राखीव कलावंत हा ब्रॉडवेचा कणा आहे, असं भर थिएटरात सांगितलं. त्याच्या बरंच आधी, १९५४ मध्ये, शर्ली मॅक्लेन अशीच एका जायबंदी नटीच्या जागी उभी राहिली, प्रेक्षकांत हॉलिवूडचा निर्माता होता, आणि पुढे ती सिनेमाची मोठी नटी झाली.

पैशांचं काय? सर्वसाधारण रिवाज असा, की ज्या नटाचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर छापलंय तो नसेल तर परतावा किंवा बदली तिकीट मिळतं. नाव खाली असेल तर नाही. पोस्टरवर कुणाचं नाव किती इंच वर, यावर वकील का भांडतात ते आता कळेल.

मग तिकीट काढायचं कसं

न विकलेली खुर्ची आणि बाजार उठतानाची मेथीची जुडी, दोघींची गत एकच. पडदा वर गेला की तिची किंमत शून्य. पण सगळ्यांना दिसेल असा भाव उतरवला तर आधीच पैसे भरणारा चिडतो. म्हणून ब्रॉडवेने स्वस्त तिकिटांची दारं थोडी अडचणीची ठेवली आहेत: ज्याच्याकडे वेळ आहे त्याने वेळ द्यावा, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पैसा.

सर्वांत जुनं दार टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालचं. टीकेटीएस ही खिडकी १९७३ पासून एक ना-नफा संस्था चालवते. त्याच दिवसाची, काही वेळा दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या खेळाची तिकिटं वीस ते पन्नास टक्के सवलतीत. फळ्यावर नाटकांची नावं झळकतात. ज्यांचं नाव रोज झळकतं त्यांची विक्री मंदावलीय हे समजावं आणि जे कधीच दिसत नाही त्याची इथे वाट बघू नये. गद्य नाटकांसाठी बहुधा वेगळी, छोटी रांग असते.

दुसरं दार रश (त्याच दिवशी मिळणारं स्वस्त तिकीट) आणि लॉटरीचं. १९९६ साली 'रेंट'ने पुढच्या दोन रांगा वीस डॉलरला द्यायला सुरुवात केली. गोष्ट कफल्लक तरुण कलावंतांची, म्हणून तसल्यांनाच पुढे बसवायचं. पोरं रात्रभर फुटपाथवर झोपू लागली, तेव्हा रांगेऐवजी चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. 'हॅमिल्टन'ची लॉटरी दहा डॉलरची, कारण दहाच्या नोटेवर हॅमिल्टनचाच चेहरा आहे. आता बहुतेक लॉटऱ्या फोनवर भरता येतात. रश मात्र अनेक थिएटरांत अजूनही सकाळी खिडकी उघडताना रांगेत उभं राहून मिळतो. काही ठिकाणी हाउसफुल्ल असलं की मागे उभं राहून बघायची तिकिटंही देतात. तीन तास उभं राहायची तयारी असेल तर ती अजिबात वाईट नाहीत.

न्यूयॉर्कशेजारच्या एडिसन किंवा जर्सी सिटीला लेकाकडे-लेकीकडे सहा महिने राहायला गेलेले आईबाबा हे या दारांसाठी अगदी योग्य गिऱ्हाईक आहेत असं माझं मत आहे. मंगळवार-बुधवार मोकळे, घाई नाही, ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन किंवा त्याच्या आसपास, तिथून पायी पंधरा मिनिटं. पोरं शनिवारची तिकिटं काढतात, कारण सुट्टी तेव्हाच. आणि शनिवार रात्र सर्वांत महाग. बुधवारी दुपारचा खेळ घ्या. नाटकाची गोष्ट आधी मराठीतून कुणाकडून तरी ऐकून जा, कारण गाण्यांतले शब्द भराभर निसटतात. 'हॅमिल्टन' तर बरंचसं रॅप आहे, तिथे भले भले गडबडतात.

घरबसल्या घेताना थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा. शोधयंत्रात सर्वांत वर येणारं दुकान पुष्कळदा पुनर्विक्रेत्याचं असतं आणि त्याचं रूपडं अधिकृत खिडकीसारखंच ठेवलेलं असतं. न्यूयॉर्क राज्यात २०२२ पासून सगळे आकार धरून एकूण रक्कम आधीच दाखवावी लागते, तेव्हा शेवटच्या पानावरचा धक्का आता कमी झालाय. तरी प्रत्यक्ष खिडकीवर जाऊन घेतलं तर ऑनलाइन सेवाशुल्क वाचतं, चार तिकिटांमागे जेवण निघतं. खिडकीवरच्या माणसाला 'कुठून नीट दिसेल?' हे बेधडक विचारा; लहान थिएटरांत वरच्या मजल्याची पहिली रांग खालच्या मागच्या रांगांहून कितीतरी सरस असते. 'अर्धवट दृश्य' असं लिहिलेली तिकिटं नाचगाण्याच्या नाटकाला घेऊ नका.

एखाद्या ठरावीक नटासाठीच जात असाल तर त्याच्या सुट्टीच्या तारखा आधी बघा. बहुतेक नाटकं त्या जाहीर करतात. आणि नट कोण याचं सोयरसुतक नसेल तर नेमक्या त्याच तारखा धरा, स्वस्तात मिळण्याची शक्यता जास्त. नाताळ उलटल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत थंडीने शहर गारठतं, पर्यटक पांगतात आणि एका तिकिटावर दुसरं फुकट देणारा 'ब्रॉडवे वीक' येतो. कानटोपी मात्र न्या. रांग उघड्यावर असते.